मी काहीच बदललं नाही

कोडवाला : ताई, साइट पडलीय.

सर्व्हरवाली : ताई म्हणालास म्हणजे पडलेलीच असणार. एरवी मी मॅडम असते. काय बदललंस?

कोडवाला : काहीच नाही.

सर्व्हरवाली : शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, काहीही न बदलता, आपल्या आपण पडली?

कोडवाला : आई शप्पथ. आणि एरर ५०२ येतोय, बॅड गेटवे. म्हणजे सर्व्हरचा प्रॉब्लेम. म्हणजे तुझ्याकडचा.

सर्व्हरवाली : ५०२ म्हणजे दारात एनजिनएक्स उभा आहे, धडधाकट आहे, आणि आत तुझं ॲप हाकेला ओ देत नाहीये. दारवान जिवंत आहे म्हणून तर निरोप मिळतोय. तोच गेला असता तर निरोपही मिळाला नसता. लॉग बघितलास?

कोडवाला : रीस्टार्ट केलं.

सर्व्हरवाली : मी लॉग विचारला.

कोडवाला : मग परत रीस्टार्ट केलं.

सर्व्हरवाली : काय हौस आहे! अरे, मरणारं माणूस काय झालं ते ओरडून सांगतंय आणि तू त्याला पुन्हा पुन्हा उठवून बसवतोयस. हा बघ लॉग. पहिली ओळ वाच. शेवटची नाही, पहिली. खालच्या सगळ्या तिच्या मागून आलेल्या आहेत.

कोडवाला : ‘डेटाबेस यूआरएल सापडत नाही.’ असं कसं? माझ्याकडे तर सापडतोय.

सर्व्हरवाली : तुझ्याकडे डॉट ईएनव्ही फाइल आहे. ती गिटमध्ये जात नाही, जायलाही नको, पासवर्ड असतात त्यात. सर्व्हरवर त्याच गोष्टीचं नाव ‘डीबी यूआरएल’ आहे. आणि तुझा कोड मागतोय ‘डेटाबेस यूआरएल’. कधीपासून?

कोडवाला : ते होय! ते नुसतं नाव नीट केलं. ‘डीबी’ वाचायला कसंतरी वाटत होतं.

सर्व्हरवाली : म्हणजे बदललं.

कोडवाला : याला बदल नाही म्हणत. ही साफसफाई झाली.

सर्व्हरवाली : थांब, कागद घेते. शीर्षक : न बदललेल्या गोष्टी. एक, व्हेरिएबलचं नाव. हं, घातलं मी सर्व्हरवर. बघ आता.

कोडवाला : आली, आली! बघ, मी म्हणत नव्हतो, छोटंसंच असणार. सांग आता त्या फराळवाल्या काकूंना, चालू झालं म्हणून. मघापासून त्यांचा जीव टांगणीला लागलाय. परदेशच्या पार्सलची शेवटची तारीख उद्या आहे त्यांची.

सर्व्हरवाली : चकलीचा फोटो कुठे गेला?

कोडवाला : हा काय, दिसतोय की.

सर्व्हरवाली : तो तुझा लॅपटॉप. माझ्या फोनवर चकलीच्या जागी फाटक्या चित्राची खूण आहे. अनारशाच्याही आणि चिवड्याच्याही. शेव तेवढी दिसतेय.

कोडवाला : मग फोनचा प्रॉब्लेम. कॅशे असेल. कॅशे साफ कर.

सर्व्हरवाली : फोनवर ही साइट आज पहिल्यांदा उघडतेय. कॅशे कशाची साफ करू? फोटोंना हात लावलास?

कोडवाला : नाही.

सर्व्हरवाली : अजिबात नाही?

कोडवाला : नावं तेवढी एकसारखी केली. कुणी कॅपिटल सीनं चकली लिहिलेली, कुणी स्मॉल सीनं. सगळी स्मॉल केली.

सर्व्हरवाली : फाइलींची केलीस. पानावर अजून कॅपिटल सी आहे. तुझ्या विंडोजला दोन्ही चकल्या एकच, मॅकलाही बहुधा एकच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या चकल्या. मागितलेली त्याच्याकडे नाही, म्हणून तो ४०४ देतो. आणि शेव का दिसते? ती पहिल्यापासून स्मॉलच होती. लिहिते : दोन, फोटोंची नावं.

कोडवाला : हे लिनक्सनं जरा समजून घ्यायला पाहिजे.

सर्व्हरवाली : कळवते त्याला. दुरुस्त केलंस? आता एक ऑर्डर टाकून बघ.

कोडवाला : ऑर्डर माझ्याकडून आत्ताच गेली. अर्धा किलो भाजणीची चकली. ‘धन्यवाद’ सुद्धा आलं.

सर्व्हरवाली : डेटाबेसमध्ये काही आलेलं नाही.

कोडवाला : ‘धन्यवाद’ आलंय ना पण!

सर्व्हरवाली : कोणी म्हटलं धन्यवाद? ब्राउझरचं नेटवर्क पान उघड. रिक्वेस्ट कुठे गेली ते वाच.

कोडवाला : लोकलहोस्ट, पोर्ट तीन हजार.

सर्व्हरवाली : म्हणजे तुझ्याच लॅपटॉपवर गेली. तिथे तुझं ॲप चालू आहे, त्यानं तुझे आभार मानले. आता न्यू जर्सीतला एखादा माणूस बघ. त्यानं बटण दाबलं की त्याचा ब्राउझर त्याच्याच लॅपटॉपवर, पोर्ट तीन हजारात, चकल्या शोधतो. त्याच्याकडे चकल्या असत्या तर त्यानं मागवल्या असत्या का?

कोडवाला : पण लोकलहोस्ट मी कुठेच लिहिलेलं नाही.

सर्व्हरवाली : ही ओळ कोणाची?

कोडवाला : ती... ती सोय आहे. एपीआयचा पत्ता सापडला नाही तर लोकलहोस्ट घ्यायचं. अडायला नको कुणाचं.

सर्व्हरवाली : अडायला पाहिजे होतं! पत्ता नाही तर तिथल्या तिथे मोठ्यानं बोंब मारायची. ही तुझी सोय गप्प बसून चुकीच्या घरी पार्सल टाकते. तीन, सोय.

कोडवाला : ठीक आहे, घातला मी सर्व्हरवर एपीआयचा पत्ता. ओळखीच्या तीन जणांना ऑर्डर टाकायला सांगितली. अजून लोकलहोस्टलाच जातंय! आता सांग, आता काय बदललं मी?

सर्व्हरवाली : या वेळी काहीच नाही बदललंस, तीच पंचाईत आहे. ब्राउझरकडे जाणारा कोड एकदा बिल्ड होतो. त्या क्षणी पत्त्याची जी किंमत असेल ती त्यात लिहिली जाते. मग सर्व्हरवर कितीही व्हेरिएबल घाल, तयार फायलींना त्याचा पत्ता नसतो. परत बिल्ड कर.

कोडवाला : करतो... अगं, बिल्डच होत नाहीये. लाल लाल येतंय सगळं. आणि हे मात्र मी लिहून देतो, या भागात मी एक अक्षर बदललेलं नाही. गिट बघ, हवं तर.

सर्व्हरवाली : बघतेच आहे. खरंच नाही बदललंस. कॅलेंडरचं कुठलं तरी पॅकेज नवं आलंय, त्यात फंक्शनचं नाव वेगळं आहे.

कोडवाला : बघ! बघ! मी सांगत होतो ना! बाहेरच्या माणसाचा दोष. खोड ती यादी.

सर्व्हरवाली : लॉक फाइल कुठे आहे?

कोडवाला : कुठली?

सर्व्हरवाली : पॅकेज-लॉक. कुठल्या पॅकेजची नेमकी कितवी आवृत्ती घ्यायची ते लिहिलेली. ती नसेल तर पॅकेजच्या नंबराआधीचा तो छोटा टोपीवाला छाप बघून एनपीएम त्या मालिकेतलं नव्यात नवं उचलतं. काल एक, आज दुसरं. तू झोपला असताना सुद्धा.

कोडवाला : ती हजारो ओळींची फाइल? तिच्यात मर्ज कॉन्फ्लिक्ट येत होता सारखा.

सर्व्हरवाली : मग?

कोडवाला : काढून टाकली. मर्ज एकदम स्वच्छ झाला.

सर्व्हरवाली : चार, लॉक फाइल. लेका, मार्च २०१६ मध्ये एका माणसानं भांडून आपलं ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं पॅकेज एनपीएमवरून काढून घेतलं. अकरा ओळींचं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायच्या. जगभरच्या बिल्डा आडव्या पडल्या. त्यातल्या बहुतेकांना हे पॅकेज आपण वापरतो हेच माहीत नव्हतं. ते सगळे त्या दिवशी हेच म्हणत असतील, ‘आम्ही काहीच बदललं नाही.’ आणि ते खरं बोलत होते. तू तर खोटं बोलून खरा ठरायला बघतोयस.

कोडवाला : आता जुन्या ब्रँचवरून लॉक फाइल आणली. ‘इन्स्टॉल’ करू?

सर्व्हरवाली : इन्स्टॉल नको, ‘एनपीएम सीआय’ कर. ते लॉकमध्ये असेल तेवढंच घालतं, आणि मेळ बसला नाही तर पुढेच जात नाही. नाही रे, तू आता दुरुस्ती थांबव. आपण रोलबॅक करू या. कालचं चालत होतं ते परत ठेवू, काकूंची उद्याची पार्सलं जाऊ देत, सोमवारी डोकं थंड ठेवून बघू.

कोडवाला : रोलबॅक कशाला? शेवटची एकच ओळ राहिलीय. पुढे जाऊनच दुरुस्त करू.

सर्व्हरवाली : तू आल्यापासून शेवटची एकच ओळ राहिलीय. आज वार कोणता?

कोडवाला : तुम्हा लोकांची शुक्रवारची अंधश्रद्धा आहे नुसती.

सर्व्हरवाली : १९ जुलै २०२४ ला कोणता वार होता माहितेय? शुक्रवार. क्राउडस्ट्राइकनं एक फाइल पाठवली आणि पंच्याऐंशी लाखांच्या आसपास विंडोज मशिनं निळी झाली. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून देत होते, पेनानं. आणि गंमत ऐक, तो कोडमधला बदल नव्हताच म्हणे. नुसती कॉन्फिगरेशनची फाइल होती. ओळखीचं वाटतंय?

कोडवाला : त्यांच्याशी माझी तुलना करतेस, आभारी आहे. पण रोलबॅक नको.

सर्व्हरवाली : का नको? सारखा का नको म्हणतोयस? इकडे बघ. डेटाबेसला हात लावलास?

कोडवाला : हात असा नाही.

सर्व्हरवाली : बोल.

कोडवाला : पिनकोडचा कॉलम होता ना. आता परदेशातली गिऱ्हाइकं. त्यांना कुठला आलाय पिनकोड? म्हणून त्याचं नाव ‘पोस्टल कोड’ केलं. आतला डेटा तसाच आहे, एक आकडाही हललेला नाही!

सर्व्हरवाली : आणि कालचा कोड परत ठेवला की तो काय मागणार?

कोडवाला : ...पिनकोड.

सर्व्हरवाली : पाच. यादी संपली, कागद संपला नाही हे नशीब.

कोडवाला : बॅकअप आहे ना? रात्री दोनचा. तो घालू परत.

सर्व्हरवाली : सर्व्हरचे दोन. सर्व्हर यूटीसीत राहतो, त्याचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. त्यानंतर ज्यांनी लाडू मागवले त्यांनी काय करायचं? बॅकअप नको. कॉलमचं नाव उलटं फिरव, मग जुना कोड ठेव. आणि पुढच्या वेळी नाव बदलायचंच असेल तर आधी नवा कॉलम शेजारी वाढवायचा. काही दिवस दोन्हीत लिहायचं. जुना डेटा नव्यात उतरवायचा. सगळे नव्यातून वाचायला लागले की मग जुना काढायचा. तोवर कधीही मागे फिरता येतं.

कोडवाला : एका नावासाठी तीनदा डिप्लॉय?

सर्व्हरवाली : किंवा नाव बदलायचं नाही. पिनकोडनं तुझं काय घोडं मारलं होतं?

कोडवाला : हेच. हेच तुमचं. तुम्हा सर्व्हरवाल्यांना काही म्हणजे काही बदलायलाच नको असतं. साइट २०१५ सालची दिसली तरी चालेल, पण हलवू नका!

सर्व्हरवाली : बदल की! रोज बदल. मला फक्त सांगून बदल. चार ओळी लिही : हे व्हेरिएबल बदललं, हा कॉलम बदलला. मी वीस मिनिटांत दोन्हीकडे जुळवून दिलं असतं. आता तास गेला.

कोडवाला : सांगायचं म्हणजे तुमचा तो फॉर्म भरायचा. बटणाचा रंग बदलायला तीन सह्या. धोका किती, परिणाम कोणावर, पर्यायी योजना काय. बटणाची पर्यायी योजना काय असते? दुसरं बटण?

सर्व्हरवाली : तो फॉर्म मी काढलेला नाही. मागच्या वेळी साइट पडली तेव्हा वरच्यांनी काढला.

कोडवाला : आणि त्याच्या आधी पडली तेव्हा दुसरी सही आली. प्रत्येक पडझडीला एक कागद वाढतो. मग लोक चोरून टाकतात. मग परत पडते. मग अजून एक कागद.

सर्व्हरवाली : हे खरंय तुझं. पण रात्री फोन कोणाला येतो? तुझा शनिवारी लागत नाही. घाटात रेंज नसते म्हणे. माझ्या सासूबाई मला विचारतात, रात्री दोनला कोण गं हा पुरुष फोन करतो? तो पुरुष नाही, तो अलार्म आहे, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

कोडवाला : तू रात्रीचं बोलतेस. दिवसा शिव्या कोण खातो? काकूंना मी ‘दिवाळीच्या आधी’ म्हणून शब्द दिला होता. तुमच्या तीन सह्या होईतो तुळशीचं लग्न लागलं असतं.

सर्व्हरवाली : मग माझ्याकडे यायचं होतंस. तोंडी सांगायचं होतंस.

कोडवाला : तोंडी सांगितलं असतं तर आज टाकू दिलं असतंस?

सर्व्हरवाली : शुक्रवारी? नाही.

कोडवाला : मग म्हणूनच नाही सांगितलं.

सर्व्हरवाली : वा. म्हणजे विसरला नव्हतास तू. ठरवून केलंस.

कोडवाला : आणि तो फॉर्म आहे तोवर पुढेही तसंच करणार. आवाज चढवू नकोस, कॉलम फिरवला मी. जुना कोड ठेवतोय.

सर्व्हरवाली : ठेव. तो ठेवून झाला की सर्व्हरवरचा तुझा ॲक्सेस मी काढून घेतेय.

कोडवाला : काढ! सोमवारी रीतसर अर्ज करून परत घेईन.

सर्व्हरवाली : कर की. त्या अर्जावर तिसरी सही माझी असते.