वेळ चोरू नका, मागा

मॉडेल विमानं बनवायची हौस असलेला नोकरदार माणूस भेटला की दुसऱ्या वाक्याला तक्रार येते : वेळच मिळत नाही. ऑफिस, प्रवास, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं. यादी खरी आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. वेळ आपोआप कुणालाच मिळत नाही. तो घरातल्या माणसांकडे मागावा लागतो, आणि खरं दुखणं तिथे आहे : मागायची लाज वाटते.

टीव्हीसमोर दोन तास बसायला कुणाला विचारावं लागत नाही. मोबाइल तर मध्यरात्रीपर्यंत चाळता येतो. पण चाळिशीतल्या माणसाच्या हातात ब्लेड आणि बाल्सा या हलक्या लाकडाची पट्टी दिसली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'आता या वयात?' मग तो माणूस लपूनछपून काम करतो. सगळे झोपल्यावर, अपराध्यासारखा, डोळे ताणून. असं चोरलेलं काम महिनाभर टिकतं. त्यानंतर पंख अर्धवट, धडावर धूळ.

हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हाताने फेकायचा एक साधा ग्लायडर बनवून बघावा. त्याचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर यायला हवा. फेकल्यावर नाक वर उचलून तो थबकला आणि कोसळला, तर नाकाला चिकणमातीची गोळी लावायची. सरळ खाली सूर मारला, तर थोडी माती काढायची. चार फेकींत दहा वर्षांच्या मुलाला गुरुत्वमध्य समजतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये कॅडेटना एअरोमॉडेलिंग शिकवतात, ते उगाच नव्हे.

इतिहासही हेच सांगतो. 1871 मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान पॅरिसच्या तुइलरी बागेत 11 सेकंद उडवून दाखवलं. रबरावर उडणारं एक खेळण्यातलं हेलिकॉप्टरही त्याने तयार केलं होतं. तशाच जातीचं खेळणं 1878 मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांनी आपल्या दोन मुलांना आणून दिलं. मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

पुढे त्या भावांना वेळ कुठून मिळाला? त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि पोट त्यावर चालायचं. सायकलचा धंदा थंडावला की ते विमानाच्या कामाला लागत. 1901 मध्ये त्यांनी चार्ली टेलर हा मेकॅनिक नोकरीला ठेवला, म्हणून दुकान त्याच्यावर सोपवून जाता आलं. बहीण कॅथरीन शाळेत शिकवायची, घर सांभाळायची आणि भाऊ दूर असताना दुकानाकडेही बघायची. 17 डिसेंबर 1903 चं उड्डाण दोन भावांच्या नावावर आहे. त्यामागचा वेळ मात्र चौघांचा होता. शाळेच्या पुस्तकात ही चार नावं एकत्र यायला हवीत.

राइट बंधूंनी लग्न केलं नव्हतं, आमचं तसं नाही, असं कुणी म्हणेल. ठीक. मग पॉल मॅक्रेडी घ्या. लहानपणी मॉडेल विमानांच्या स्पर्धांत नाव कमावलेला हा अमेरिकन इंजिनिअर. पुढे बायको, तीन मुलं, स्वतःची कंपनी, आणि नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे डोक्यावर सुमारे एक लाख डॉलरचा बोजा. माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी ब्रिटनमध्ये 50,000 पौंडांचं बक्षीस ठेवलेलं होतं. ते जिंकायचं त्याने ठरवलं आणि मुलांनाही कामात घेतलं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पियानोची तार आणि पातळ प्लास्टिकचा पडदा. पंखांचा पसारा सुमारे 29 मीटर, वजन जेमतेम 32 किलो. मोडलं तर चिकटपट्टी लावून लवकर पुन्हा उभं राहील, अशीच बांधणी. 23 ऑगस्ट 1977 रोजी ब्रायन ॲलन या सायकलपटूने पेडल मारत ते विमान इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवलं आणि बक्षीस जिंकलं. मॅक्रेडीने हौसेसाठी घराबाहेरची वाट शोधली नाही. त्याने घरालाच हौसेत ओढलं.

आता आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटकडे येऊ. वेगळी खोली नको, वर्कशॉप नको. दोन फूट लांबीचा एक सॉफ्टबोर्ड घ्या. त्यावर विमानाचा नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर टाचण्यांनी पट्ट्या पक्क्या करायच्या. जेवणाची वेळ झाली की बोर्ड उचलून पलंगाखाली सरकवता येतो. ब्लेड आणि टाचण्यांची डबी मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर.

गोंद मंद वाळणारा वापरा. इन्स्टंट गोंद सेकंदांत धरतो, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि चुकलेला जोड सुटत नाही. साधा पांढरा गोंद रात्री लावला तर सकाळी जोड पक्का. म्हणजे तुम्ही झोपेत असताना, लोकलमध्ये उभे असताना, मीटिंगमध्ये बसलेले असताना विमान पुढे सरकत असतं. आज पंखाच्या चार फासळ्या (रिब) कापा, उद्या चिकटवा, परवा बाल्कनीत नाकाला मास्क लावून घासा. प्रत्येक कामाला अर्धा तास पुरतो. या छंदाला सलग रविवार लागतो ही समजूत चुकीची आहे. लागतं ते सातत्य.

पहिलं विमान लहान घ्या. रेडिओ कंट्रोल, मोटर, लिपो बॅटरी, पाती हलवणारे सर्व्हो हे सगळं पुढच्या वर्षी. हलकी विमानं उडवायला पहाटेची वेळ सर्वांत चांगली. वारा पडलेला असतो आणि मैदानात क्रिकेट सुरू झालेलं नसतं. मुलांना घेऊन जा. फेकलेला ग्लायडर आणायला धावणं हाही त्यांचा हक्क आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही बोर्डावर वाकलेले असता तेव्हा ओटा कुणीतरी आवरत असतं, गृहपाठ कुणीतरी घेत असतं. आपल्याकडे ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा घरातली बाई असते. पुरुषाच्या छंदाची किंमत बायकोच्या थकव्याने भरली जात असेल, तर तो छंद कितीही सुंदर असो, तो तिच्यावर अन्याय आहे. म्हणून तास मागताना त्याच श्वासात तास द्या. तिचं गाणं असेल, वाचन असेल, मैत्रिणींबरोबरचा फेरफटका असेल, किंवा काहीही न करता पडून राहणं असेल. त्या तासात फोन करून 'डाळ किती शिट्ट्या?' विचारायचं नाही. आणि विमान बनवणारी बाई असेल, तर हाच नियम नवऱ्याने पाळायचा.

साहेब लोकांनाही एक सांगणं आहे. रात्री नऊनंतर ग्रुपवर टाकलेला 'जरा बघून घ्या' हा मेसेज कुणाच्या तरी घरातला हाच तास खातो. तो सकाळी दहाला पाठवला तर कंपनी बुडत नाही.

छंद माणसाला घरापासून तोडतो असं म्हणतात. तोडतो तो चोरलेला छंद. उघडपणे मागितलेला, सगळ्यांसमोर बोर्डावर मांडलेला छंद घरात बोलायला विषय देतो, मुलांच्या हाताला काम देतो. तेव्हा या शनिवारी घरच्यांना समोर बसवा आणि स्पष्ट विचारा. एक तास मागून घ्या, एक तास देऊन टाका. हा हिशेब ज्या घरात चोख असतो, त्या घरातलं विमान पुरं होतं.