निघणारे भाऊसाहेब

बीड जिल्ह्यात निघणाऱ्या माणसांच्या दोन जाती आहेत. एक जात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते. ट्रॅक्टरवर संसार चढतो, शेळी चढते, पोरं चढतात आणि कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत अर्धं गाव म्हाताऱ्यांच्या हवाली होतं. ‘जावं की न जावं’ असा विचार ह्या जातीत कुणी केल्याचं ऐकिवात नाही. दुसरी जात बारा महिने निघालेलीच असते. आमचे भाऊसाहेब ह्या दुसऱ्या जातीतले. पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहेत आणि नोकरी सोडून त्यांना नर्मदा परिक्रमेला जायचंय.

जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून कितीतरी मराठी माणसं घरातून उठली आणि चालू लागली. भाऊसाहेबही उठले, पण रजेचा हिशेब काढायला. शास्त्राप्रमाणे पायी परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. ही मुदत ऐकून माणूस हबकतो. भाऊसाहेबांना मात्र ती एखाद्या शासन निर्णयातली असावी तशी आपलीशी वाटली. अर्जित रजा पुरत नव्हती. असाधारण रजेत पगार नाही, वर वेतनवाढीची भानगड. उरली स्वेच्छानिवृत्ती. निवृत्तिवेतन नियम 1982, त्यातला नियम 66 : वीस वर्षं सेवा, तीन महिन्यांची नोटीस. भाऊसाहेब 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन शाबूत. वीस वर्षं तर कधीच भरली. अर्ज टाइप करून टेबलाच्या खालच्या खणात ठेवलाय. फक्त तारखेची जागा कोरी आहे.

परिक्रमेचे नियम ते सेवानियमांच्याच सुरात सांगतात. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची. पात्र ओलांडायचं नाही, ओलांडलं की परिक्रमा खंडित. “आपल्याकडं सेवाखंड होतो ना, तसंच.” चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी मुक्काम ठोकायचा. हे कलम त्यांना विशेष आवडतं. जवळ पैसा बाळगायचा नाही, सदावर्तात मिळेल ते शिजवायचं, नाहीतर मागून खायचं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा कापतो. आणि त्याच कापऱ्या आवाजात पुढचं वाक्य येतं, “पण आठवा वेतन आयोग लागायच्या आधी गेलं, तर पेन्शन कमी बसंल का वो?”

आधी पोरगी दहावीला होती. मग ती नीटच्या क्लासला लातूरला गेली. मग घराचे हप्ते आले. अडचणी संपत आल्यासारख्या वाटल्या की भाऊसाहेब अस्वस्थ होतात, हे आम्ही पाहिलंय. त्यातून वहिनी एकदा म्हणाल्या, “जा की! मी काय दाव्याला बांधलंय का तुम्हाला?” त्यानंतर दोन दिवस भाऊसाहेबांचा बीपी वाढलेला होता. नवऱ्याला अडवणारी बायको मिळाली असती तर हा माणूस कधीच अमरकंटकला पोचला असता.

पुण्याहून साठ लिटरची सॅक मात्र आणली होती. तीत दहा किलो ज्वारीचं पीठ भरून भाऊसाहेबांनी सलग आठवडाभर गच्चीवर फेऱ्या मारल्या. पुढं पाठ धरली आणि सॅक माळ्यावर गेली. वहिनींनी तिच्यात कुरडया भरून ठेवल्या.

एकदा ऊसतोडीला निघालेला एक जण घरकुलाच्या हप्त्याची चौकशी करायला आला. भाऊसाहेबांचा विषय रंगलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, पगार चालू असताना निस्तं चालायला जायाचं? कशापायी?”

“मनाला शांती.”

“मग आमच्यासंगं चला की कारखान्यावर. उचल बी मिळंल.”

आम्ही हसलो. भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, “एका माणसाला किती देतो मुकादम?”

“एकट्याला कोण इचारतंय? कोयता म्हंजी नवरा-बायको. वहिनीला बी आणावं लागंल.” विषय तिथंच मिटला.

शेवटी त्यांनी एक भक्कम अट शोधून काढली : बीडला रेल्वे येऊ द्या. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला 1995 साली, लांबी 261 किलोमीटर. बीड जिल्ह्यात ह्या अटीवर माणूस सुखानं सेवानिवृत्त होऊ शकतो. पण दैव आडवं आलं. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली. अहिल्यानगरहून खंडवा, खंडव्याहून ओंकारेश्वर. सगळा रस्ता मोकळा! चहाच्या टपरीवरच्या मंडळींनी हार आणला. भाऊसाहेबांनी तो हातातच घेतला. “पितृपक्षात निघतं का कुणी? आन् चातुर्मास सरलाय का?”

पंचांग खरं होतं. हार टपरीवाल्यानं गणपतीच्या फोटोला घातला.

कार्तिकी झाली. भाऊसाहेब अतिवृष्टीच्या कागदांत बुडालेले. त्याच आठवड्यात ऑफिसातला नुकताच निवृत्त झालेला शिपाई त्यांच्या घरी गेला. वर्षानुवर्षं तो हे नियम, हे मुक्काम, चहा देता देता ऐकत आला होता. त्यानं सॅक मागितली. वहिनींनी कुरडया डब्यात काढल्या आणि वर दोन किलो शेंगदाण्याची चटणी दिली.

महिन्याभरानं त्याचा फोटो आला. पांढरे कपडे, दाढी वाढलेली, पाठीवर ती सॅक, आणि पलीकडं पाणी. मोबाइल सगळ्या टेबलांवरून फिरून भाऊसाहेबांकडं आला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “नदी डाव्या बाजूला दिसतीय. परिक्रमा खंडित.”

“भाऊसाहेब, तो आपल्याकडं तोंड करून उभाय. त्याच्या उजव्या हातालाच आहे ती.”

भाऊसाहेबांनी मोबाइल परत केला. “तसं त्याच्याकडून लेखी घ्या.”