नव्या मेंबराची पत

फ्लॅटचा ताबा मिळतो त्या दिवशी हिंजवडीजवळच्या माणमध्ये माणसाच्या हाती दोन गोष्टी पडतात: किल्ल्यांचा जुडगा आणि सोसायटीच्या ग्रुपची लिंक. जुडग्यातल्या दोन किल्ल्या कुठल्याच दाराला लागत नाहीत. लिंक मात्र पहिल्या फटक्यात लागते. सामानाचा टेम्पो अजून भूमकर चौकात अडकलेला असतो आणि मालक ग्रुपवर दाखल झालेले असतात. घर लागायला महिना जातो. नाव जायला एक मेसेज पुरतो.

नव्या मेंबराला घाई फार. ऑफिसात त्याच्या हाताखाली डझनभर माणसं असतात, त्यामुळे ग्रुपवरचे सातशे लोकही आपल्यालाच रिपोर्ट करतात अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ‘डियर ऑल’ने सुरुवात होते. मग लिफ्ट, कचरा, भटकी कुत्री, व्हिजिटर पार्किंग यांवर मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली ‘ॲक्शन आयटम’ आणि शेवटी ‘हॅपी टू कनेक्ट’. हेच मुद्दे, ह्याच क्रमाने, आजवर प्रत्येक नव्या मेंबराने मांडलेले असतात. जुनी मंडळी ते वाचत नाहीत, फक्त बोटाने वर सरकवत त्याची लांबी मोजतात. ‘बाणेरला आमच्या सोसायटीत असं नव्हतं’ हे वाक्य तर लिहूच नये. लगेच कोणीतरी विचारतं, मग आलात कशाला? याचं खरं उत्तर ‘बाणेरचा दर’ हे असतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं, कारण सगळे त्याच कारणाने इथे आलेले असतात.

दुसरी जात ‘प्लस वन’वाल्यांची. चेअरमननी मेंटेनन्स वाढवला, प्लस वन. कोणी त्याचा निषेध केला, त्यालाही प्लस वन. यांची पत वाढत नाही, पण यांना कमिटीत घेतात.

मेट्रोची तारीख सांगणारे वेगळे. माण ते शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. तेव्हापासून मेट्रो कधी धावणार हे ‘आतल्या माणसाकडून’ कळलेले इतके मेंबर ग्रुपवर येऊन गेले, की आतमध्ये मग उरलं कोण, असा प्रश्न पडावा.

हा आजार काही आमच्या आयटी पार्कच्या फेज थ्रीत निघालेला नाही. युजनेट नावाच्या जुन्या चर्चामंडळांवर अमेरिकेतली विद्यापीठं दर सप्टेंबरात नवी पोरं आणून सोडायची. ती महिनाभर वाटेल ते विचारायची, जुने लोक चार गोष्टी सुनवायचे, दिवाळीच्या सुमाराला पोरं माणसाळायची. १९९३ पासून घरोघरचे लोक येऊ लागले, लोंढा थांबेना, तेव्हा जुन्यांनी हात टेकले आणि त्या सप्टेंबरला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणून टाकलं. आपल्याकडे १९९६ मध्ये मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं, मागाहून मिसळपाव आलं आणि मराठी माणसाने नवख्याला ताळ्यावर आणण्याचं स्वतःचं शास्त्र उभं केलं. आल्या आल्या कोणी धाग्यांवर धागे काढले तर ‘जिलब्या पाडतोय’ म्हणायचं. फारच शहाणपणा केला तर हा कोणाचा डुआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी, याची जाहीर चौकशी सुरू करायची. आणि सगळ्यांत कडक शिक्षा म्हणजे अनुल्लेख: शेकडो लोक वाचून जातात, प्रतिसाद एकही नाही. ज्याने हे सोसलं तो पुढे आधी वाचायला आणि मग मोजकं लिहायला शिकला. तिथे पत मिळायची ती दुसऱ्याच्या धाग्यावर येऊन नेमकी, कामाची माहिती देणाऱ्याला. (कंपूत असलेल्यालाही मिळायची. खोटं कशाला बोला?)

सोसायटीच्या ग्रुपला हे शास्त्र लागू पडत नाही. रात्री ज्याला अनुल्लेखाने मारलं तो सकाळी लिफ्टमध्ये शेजारी उभा असतो आणि विचारतो, “माझा मेसेज पाहिला का?”

चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं. त्या दिवशी रस्त्यावर माणूस मावत नाही. एका वर्षी एका ताज्या मेंबराने ग्रुपवर खडसावून विचारलं, ‘रस्ता कोणाच्या परवानगीने बंद केला आहे?’ बराच वेळ सामसूम. मग एका गाववाल्या मेंबराचं उत्तर आलं. याच्या आजोबांच्या शेतात आमचा बी टॉवर उभा आहे आणि बदल्यात मिळालेल्या चार फ्लॅटमुळे सोसायटीत त्याच्या घरची चार मतं आहेत. उत्तर एका शब्दाचं होतं: ‘देवाच्या’. विचारणारे गृहस्थ हल्ली फक्त दिवाळीच्या शुभेच्छा देतात.

आता पत कशी कमावतात तेही सांगतो, कारण एकदा ती डोळ्यांदेखत कमावलेली पाहिली आहे. मे महिना, रात्रीचे साडेदहा. टँकर खाली होऊन गेला, तरी सी विंगच्या नळांना पाणी नाही. ग्रुपवर धुरळा. एकाने बिल्डरला जाब विचारला, एकाने मुख्यमंत्र्यांना. दोघांनी टँकरचा हिशेब मागितला. एका ताईंनी बुकिंगच्या वेळचं माहितीपत्रक टाकलं, त्यात तळं होतं आणि तळ्यात हंस. एवढ्यात एक फोटो आला. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलेलं, मोबाइलच्या उजेडात कोपरापर्यंत ओला हात आणि हातात प्लॅस्टिकची फाटकी पिशवी. खाली मजकूर: ‘फ्लोट स्विच पिशवीत अडकला होता. टाकी भरलेली, पण मोटरला ती रिकामी वाटत होती. सोडवलाय. वीस मिनिटांत पाणी येईल.’ आणि आलं!

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक तक्रारीखाली लोक त्या माणसाला हाक मारू लागले. गीझर, गॅसची पाइपलाइन, मुलाचं ॲडमिशन, काहीही. आठवडाभराने ॲडमिनच्या लक्षात आलं, की गृहस्थ भाडेकरू आहेत. ग्रुपचं नाव ‘ओन्ली ओनर्स’. नियम म्हणजे नियम. कमिटीने त्यांचे जाहीर आभार मानले आणि त्यांना ग्रुपमधून काढलं. आता पाणी गेलं की लोक त्यांना खासगीत मेसेज करतात.

बरं, ग्रुपवर कमावलेली पत गेटबाहेर चालत नाही. गेटबाहेर माण ग्रामपंचायत सुरू होते. २०२५ मध्ये हिंजवडीच्या कोंडीला वैतागून आयटीवाल्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली, हजारोंनी सह्या झाल्या. माण, हिंजवडी, मारुंजीसह सात गावं महापालिकेत घ्यावीत असा ठराव पिंपरी-चिंचवडच्या सभेत २०१८ मध्येच झाला होता. या मोहिमेमुळे तो विषय परत निघाला तेव्हा आमच्या ग्रुपवर पोल घेतला गेला आणि रात्री अकरापर्यंत आम्ही प्रचंड बहुमताने महापालिकेत गेलोसुद्धा. सकाळी पाहिलं तर कचऱ्याची गाडी पंचायतीचीच.

गावात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. तिथेही पत फ्लेक्सच्या फुटांवर मोजणारे आहेत आणि चौकाचौकांत भावी सरपंचांचे वाढदिवस बारमाही आहेत. पण ग्रामसभेत पोल चालत नाही. तिथे गावच्या मतदारयादीत नाव लागतं. यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य, हे ७३ व्या घटनादुरुस्तीने पक्कं केलं. ती दुरुस्तीही १९९३ मध्येच अमलात आली, त्या न संपणाऱ्या सप्टेंबरच्याच वर्षी. फ्लॅट मालकीचा की भाड्याचा, टू-बीएचके की थ्री, हे तिथे कोणी विचारत नाही. कोरमला पंधरा टक्के मतदार लागतात किंवा शंभर जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. शंभर जण तर आमच्या ग्रुपवर रोज सकाळी नुसते सुप्रभात म्हणायला उठतात. त्यांची नावं मात्र लातूर, जळगाव, अमरावती आणि इंदूरच्या याद्यांत. रस्त्याबद्दल मत इथे, मतदान तिथे.

आमच्या सोसायटीतून माणच्या यादीत नाव आणलेले लोक मोजकेच आहेत. त्यांत तो भाडेकरू आहे. चेअरमन नाहीत.

तेव्हा नव्या मेंबरांनो, आणि जुन्यांनोही, पत्ता बदलून नाव इथे आणायला फॉर्म ८ भरावा लागतो. तो घरबसल्या ऑनलाइन भरता येतो आणि ‘डियर ऑल’ लिहायला लागतो त्याहून वेळ कमीच लागतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. पहिल्या सभेला मागे बसा, ऐका, ॲक्शन आयटम काढू नका. सभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. ती ग्रुपवर कोणी टाकत नाही, जाऊन वाचावी लागते.