डॉलरकाका

सकाळी सहाला आमच्या सोसायटीत दूध येतं, सव्वासहाला पेपर, आणि साडेसहाला डॉलरकाकांच्या गॅलरीतून निकाल लागतो. "बारा पैशांनी पडला!" असा प्रसन्न आवाज आला की समजावं, रुपया घसरला. काही न बोलता त्यांनी तुळशीत तांब्या उपडा केला तर रुपया वधारलाय. त्या दिवशी गणपतीची वर्गणी मागायला जाऊ नये.

काका देशभक्तच आहेत. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी तेच ओढतात. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर गेला, त्या रात्री त्यांचे वडील जेवले नव्हते, हे अजून अभिमानाने सांगतात. पण निवृत्तीनंतर काकांनी पोस्टाची तिकिटं परदेशी साइटवर विकायला काढली आणि घराण्याचं धोरण पालटलं. डॉलर चढला की आता घरात श्रीखंड असतं.

टेबलावर तीन जाडजूड कॅटलॉग. स्टॅन्ली गिबन्स पौंडांत, स्कॉट डॉलरांत, मिशेल युरोंत. "तिन्हीकडचे भाव काढायचे, रुपयांत करायचे, सर्वांत मोठा येईल तो खरा," इति काका. कॅटलॉगातला भाव म्हणजे स्थळाच्या माहितीपत्रकातला पगार, हे या छंदातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकांना सांगणार कोण? १९४८ सालचं दहा रुपयांचं गांधीजींचं तिकीट, त्यावर 'सर्व्हिस' असं छापलेलं, अशा चार जोडतिकिटांना २०१७ साली पाच लाख पौंड आले. ती बातमी लॅमिनेट होऊन देवघराशेजारी लागली आहे. काकांकडे त्याच मालिकेतलं दीड आण्याचं आहे. वापरलेलं, शिक्का नेमका गांधीजींच्या चष्म्यावर, कडेचा एक दात पडलेला.

"शेवटी सख्खं भावंडच ना रे?"

त्याची किंमत त्यांनी लावली नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट.

"दहा म्हणायला जीभ झडते का?" काकूंनी विचारलं.

"मानसशास्त्र असतं ते."

"कसलं मानसशास्त्र! बाटाची चप्पल झाली ती."

मध्यंतरी एकाने निरोप धाडला, वीस डॉलर देतो. काकांनी पेढ्यांची ऑर्डर द्यायचीच बाकी ठेवली होती. मग कळलं, गिऱ्हाईक हाँगकाँगचं, आणि डॉलरही तिथलेच. अमेरिकेच्या हिशेबात जेमतेम अडीच. डॉलर हे नुसतं आडनाव आहे, हा बोध काकांना त्या रात्री झाला. कुलकर्णी गावोगाव असतात, वतन एखाद्याच्याच घरी.

आणि विक्री झाली तरी हाती काय लागतं? साइटचं कमिशन, पैसे पोचवणाऱ्या कंपनीची कात्री, वर रुपयांत बदलताना लागणारा दर. पेपरात छापतात तो दर बँका एकमेकींना देतात. आपल्या पदरात त्याहून कमीच पडतो. काका हा सगळा हिशेब वहीत लिहितात, पण पेन्सिलीने. पेनने लिहितात ती फक्त वरची डॉलरची रक्कम.

गेल्या महिन्यात मात्र ते दातपडकं तिकीट खरंच गेलं. नऊ नव्व्याण्णव, अधिक टपालखर्च सहा डॉलर. गिऱ्हाईक न्यू जर्सीचं. काका लिफाफा, पुठ्ठा, बटरपेपर घेऊन बसले, पत्ता बघायला चष्मा चढवला, आणि मला हाक आली.

"अरे, जरा वाच. मला काहीतरी भलतंच दिसतंय."

भलतं काही नव्हतं. पैसे न्यू जर्सीतल्या मुलाचे, तिकीट पोचवायचं त्याच्या वडिलांकडे. कोथरूड, पुणे ३८.

आम्ही सदाशिव पेठेतून बसने गेलो. दार उघडलेल्या आजोबांनी चहा टाकायला सांगितला, तिकीट भिंगाखाली धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "छान आहे हो. पण बुधवारी जुन्या बाजारात पन्नासला मिळतं. पोराला सांगितलं असतं तर मीच आणलं असतं."

काका चहा फुंकत राहिले. त्यांनी ते तिथूनच आणलं होतं, चाळीसला. तेव्हा मी सोबत होतो.

टपालखर्चाचे सहा डॉलर काकांनी अजून परत केलेले नाहीत.