कडी काढा, कंबर मोकळी करा

दिल्ली सरकारने ऑगस्ट 2021मध्ये स्पा आणि मसाज केंद्रांसाठी जी नियमावली काढली, तिचे म्हणावे तसे कौतुक झाले नाही. मानेचा कुठला मणका दाबू नये, सुजलेल्या पायाला हात लावावा की नाही, असल्या किरकोळ चर्चेत न रेंगाळता शासनाने थेट दुखण्याच्या मुळाला हात घातला. दाराला. खोलीला आतून कडी नको, दार आपोआप मिटणारे हवे, कामाच्या वेळेत बाहेरचे दार उघडे हवे. पुरुषाला पुरुषाने आणि बाईला बाईनेच रगडावे. (रगडणाऱ्याला प्रमाणपत्राची अटही आहे, नाही असे नाही.) डिसेंबरात उच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांच्या अटीला स्थगिती दिली. न्यायालयाला स्नायूंचे लिंग ओळखता येत नाही, त्याला शासन काय करणार?

हीच शिस्त आता सर्वत्र हवी. ऑपरेशन थिएटरची कडी आधी काढा, भूल देणाऱ्याची पदवी सवडीने बघू. दाढ चुकीची उपटली तरी हरकत नाही, दवाखान्याचे दार मात्र आपले आपण मिटले पाहिजे. तपासनीस म्हणून अनुभवी सुतार नेमावेत. वाकून स्पाच्या बिजागऱ्या तपासताना एखाद्याची कंबर धरलीच, तर त्याने तिथेच पालथे पडावे. रगडणाऱ्याला काय येते ते विचारू नये. दार पास झालेले आहे.