एका घमेल्याचे दोन भाव

दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात समुद्राकडची खोली घ्या. झोपणारा पुरुष आहे की बाई, यावर भाडे ठरत नाही. सुरमईचे ताट मागवा. जेवणारा कोण, यावर दर बदलत नाही. पण तीच खोली बांधताना, स्लॅबच्या दिवशी ज्यांनी खडी-सिमेंटची घमेली हातोहात वर पोचवली, त्यांची संध्याकाळची मजुरी मात्र माणूस बघून ठरते. गड्याचा दर वेगळा, बाईचा कमी. घमेले तेच, माल तोच, ऊन तेच, फळीवरची चढणही तीच.

हे कोणी लपवतही नाही. किती गडी लागतील आणि किती बाया, असे उघड विचारले जाते आणि त्यावरच कामाचा अंदाज निघतो. कड्यावरच्या गणपतीला येणारी गर्दी वाढली, कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला माणसे मुंबई-पुण्याहून येऊ लागली, घराघरात चार खोल्या निघाल्या. गावात नवा पैसा आला, पण बाईच्या दराचा हिशेब मात्र जुनाच राहिला.

हा हिशेब बेकायदा आहे, आणि कालपरवापासून नाही. स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलेल्या १९७५ साली २६ सप्टेंबरला समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो वेतन संहितेत मिसळला आहे. संहितेचे कलम ३ सांगते की एकाच मालकाकडे सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे काम करणाऱ्यांत लिंगावरून वेतनाचा भेद करायचा नाही. सारखे काम कोणते, तेही लिहिले आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, कामाची परिस्थिती मिळतीजुळती असेल, आणि उरलेला फरक व्यवहारात किरकोळ असेल, तर ते काम सारखे. यात कारखाना, बागायत, हॉटेल अशी वर्गवारी नाही. धंदा चालतो ती जागा पुरे.

आता सबबी घेऊ. पहिली नेहमीची: बाईला जड काम झेपत नाही. काम खरोखर वेगळे असेल तर दर वेगळा ठेवा, कायदा आडवा येत नाही. हापूसच्या उंच कलमावर चढून घळीने फळ उतरवणारा जिवाची जोखीम घेतो, त्याला जादा द्याच. पण खाली क्रेट वाहणाऱ्या गड्याला आणि क्रेट वाहणाऱ्या बाईला दोन दर कशासाठी? झाडावरच्या माणसाची जोखीम जमिनीवरच्या गड्याच्या खात्यात कशी जमा होते? पुरुष म्हणून?

दुसरी सबब: सगळीकडे हाच दर आहे. तिसरी: मला परवडत नाही. चौथी: तिने मान्य केलाय की. यातल्या शेवटच्या दोन्हींची सुनावणी मुंबईत सुरू झालेल्या एका खटल्यात होऊन गेली आहे, आणि तो खटला कोकणातल्या प्रत्येक मजूर बाईला ठाऊक असायला हवा.

मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत ऑड्री डी'कोस्टा स्टेनोग्राफर होत्या. त्यांना आणि त्यांच्यासारख्या बायकांना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळे. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यांनी नव्या कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. पहिल्या अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. अपिलात त्या जिंकल्या. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ रोजी तिथेही हरली.

कंपनीने काय काय सांगितले पाहा. या बायका बड्या साहेबांकडे नेमलेल्या, म्हणून त्यांचा वर्गच वेगळा. न्यायालयाने काम पाहिले. काम तेच निघाले. पुढे सांगितले, हा पगार कामगार संघटनेशी झालेल्या करारातून ठरला आहे. न्यायालय म्हणाले, करार कायद्याच्या वर नाही. शेवटी सांगितले, आमची ऐपत नाही. न्यायालय म्हणाले, समान वेतन द्यायचे की नाही हे मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही. संघटनेने सही करून मान्य केलेला भेद जिथे टिकला नाही, तिथे बागेच्या बांधावर एकट्या बाईने मान डोलावून मान्य केलेला भेद कसा टिकेल?

‘परवडत नाही’ हे मी हसण्यावारी नेत नाही. ऐन मोहोरात अवकाळी पाऊस आला, फुलकिडे पडले, तर बागायतदाराचे वर्ष जाते. औषधाचा खर्च, पेटीचा खर्च, दलालाचा कट, सगळे खरे. पण औषधवाला उधारी कमी करत नाही, टेम्पोवाला भाडे सोडत नाही. खर्चातला हक्काने कापता येणारा भाग एकच उरतो, बाईची मजुरी. तोटा वाटून घ्यायचा तर तो सगळ्यांत वाटावा.

आणखी एक वाट मालकाला सुचते: मग गड्याचाच दर खाली आणतो. तेही चालत नाही. बरोबरी साधायला कोणाचे वेतन कमी करता येणार नाही, असे संहितेतच लिहिले आहे. मग बाया बोलावतच नाही! हेही चालत नाही, कारण सारख्या कामाच्या भरतीत लिंगावरून डावलणे त्याच कलमात बंद केले आहे. आणि ‘एसटीत अर्धे तिकीट मिळते, आता मजुरीही पुरी हवी का?’ असे विचारणाऱ्यांना एकच उत्तर. १७ मार्च २०२३ पासूनची तिकिटाची सवलत सरकार देते, तुम्ही नाही.

कायद्यात भोक आहे, तेही सांगते. तुलनेला गडी लागतो. सुपारी सोलायला, काजू फोडायला, मासळी निवडायला बायाच बसत असतील, तर कोणाशी तुलना करायची? आंब्याची प्रतवारी करणाऱ्या बाईच्या बोटांना फळ किती तयार आहे ते दाबूनच कळते. ते कौशल्य आहे. पण ते बायांचे काम मानले गेले आणि त्यामुळे स्वस्त झाले. तिथे समान वेतनाचे कलम अपुरे पडते आणि किमान वेतनाचा आधार घ्यावा लागतो.

दुसरे भोक याहून मोठे. घरगुती खाणावळीत स्वयंपाकाला बाई ठेवताना जात विचारली जाते. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात स्वयंपाकिणीने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार झाली होती, आणि तक्रार करणाऱ्या बाई शास्त्रज्ञ होत्या. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीला लागू आहे. खासगी नोकरीत जात, धर्म, वय यांवरून डावलणे थांबवणारा एक सलग कायदा आपल्या देशात नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला नोकरीपासून अडवले, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. पण कारण तोंडाने बोलून कोण दाखवतो? ‘आमच्याकडे जमायचे नाही’ एवढे म्हटले की झाले.

एका बाबतीत मात्र खासगी मालकही बांधला गेला आहे, आणि त्याची सुरुवात एका हंगामी मजुराने केली. एका सार्वजनिक कंपनीत कामाला असलेल्या या मजुराला एचआयव्हीची लागण निघाली. काम करण्याइतका तो धडधाकट होता, तरी त्याला काढले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काढणे अवैध ठरवले. निकालात त्याचे नाव नाही, ‘एमएक्स’ एवढेच आहे, कारण ओळख न सांगता दाद मागू देण्याची परवानगी न्यायालयाने दिली होती. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये कायदा झाला आणि एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला खासगी मालकालाही मनाई झाली.

नाव बाहेर येण्याची ही भीती आंजर्ल्यात फार खरी आहे. मुंबईत नोकरी गेली तर दुसरी कचेरी शोधता येते. इथे बागायतदार तोच, दुकानदार त्याचा चुलत भाऊ, देवळाच्या कमिटीत दोघेही. तक्रार केलेल्या बाईला उद्या कोण बोलावणार? म्हणून ‘बायांनी पुढे यावे’ या वाक्याचा मला राग येतो. ज्याचे पोट सगळ्यात जास्त अडकलेले, त्यालाच पहिला धोका पत्करायला सांगायचे!

दापोली तालुक्याला याचे दुसरे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी सापडले होते. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रजांच्या लष्कराने महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या, याची यादी साहेबांनी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेली माणसे एका फटक्यात अपात्र ठरली. त्या काळात दापोलीत निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती होती. तिथे गोपाळबाबा वलंगकर राहत. मूळचे महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले. १८९४ मध्ये त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी करणारा अर्ज तयार केला.

त्यांना स्वतःला नोकरी नको होती. ती करून झाली होती, पेन्शन सुरू होते. ज्याचे अडत नाही त्याने ज्याचे अडले आहे त्याच्यासाठी कागद लिहिला. भरती लगेच उघडली नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली गेली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट आली. वलंगकर १९०० मध्येच वारले होते.

याच मुलुखातला दुसरा धडा कडू आहे. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीची माणसे भरलेली. गिरणीत चांगला पैसा विणकाम खात्यात मिळे, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. शेजारीशेजारी उभे राहून संप करणारी माणसे ही! १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. त्यांचे मूळ गाव आंबडवे, आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, आणि बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. त्या खात्याचे दार मालकापेक्षा सोबतच्या कामगारानेच जास्त घट्ट लावून धरले होते.

म्हणून माझा प्रश्न बागायतदाराच्या आधी गड्याला आहे. शेजारी तेच घमेले उचलणाऱ्या बाईला तुझ्यापेक्षा कमी मिळते, हे तुला रोज संध्याकाळी दिसते. पुष्कळदा ती तुझीच बायको असते, वहिनी असते. तिचा दर वाढला तर तुझा कमी होणार नाही, हे कायद्याने बांधून दिले आहे. तू गप्प का?

डी'कोस्टाबाईंचा दावा पुरुष स्टेनोग्राफरांचा पगार समोर ठेवता आला म्हणूनच उभा राहिला. इथेही पुरावा गड्याकडे आहे. माझी रोजची मजुरी अमुक, आम्ही काम हे केले, असे त्याने सहीनिशी लिहून दिले की अर्धे काम झाले. बाईला एकटीने कचेरीत जायची गरज नाही. संहितेनुसार नोंदणीकृत कामगार संघटनाही तिच्यासाठी दावा लावू शकते. मुदत तीन वर्षांची. दावा सिद्ध झाला तर रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. पैसे दिले की नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. शेतीवर पाचपेक्षा जास्त माणसे नसतील तर मालकाला वेतनपावतीची सक्ती नाही, पण मागितल्यावर पैसे दिल्याचा पुरावा दाखवावाच लागतो. वकिलाची चिंताही नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

गावात पेन्शनर मास्तर आहेत, निवृत्त बँकवाले आहेत, मुंबईची नोकरी संपवून परतलेले चाकरमानी आहेत. त्यांचे पोट कोणाच्या बागेवर अवलंबून नाही. त्यांनी हंगामाआधीच्या ग्रामसभेत विषय मांडावा: कामाचा दर कामावर, क्रेट वाहण्याचा एक, स्लॅबच्या घमेल्याचा एक, चढून उतरवण्याचा वेगळा, आणि तो फळ्यावर लिहिलेला. ग्रामपंचायतीच्या ठेकेदाराची बिले काढतानाही हाच तक्ता समोर ठेवावा. आणि बायांनी एक वही करावी. तारीख, काम, किती तास, बरोबर कोण गडी होते, त्यांना किती मिळाले, आपल्याला किती. वही दुकानात मिळेल तसली चालेल. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून रोज रात्री लिहून घ्यावी.