निळी तबकडी कुणी नेली?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या ना, कुंपणापाशी. ती जास्वंदीची फांदी बाजूला करा, म्हणजे मला मोठ्यानं बोलायला नको. आमच्या वन्सं आत मेथी निवडतायत आणि त्यांचे कान म्हणजे… तुम्हाला काय सांगायचं.

काल आमच्याकडे काय झालं माहितीये? भाची आलीये ना माझी टोरांटोहून. तीन आठवडे झाले, बॅग अजून हॉलमध्येच. असो. तर तिनं काल माझं कपाट आवरायला काढलं. तिला हल्ली सगळं टाकून द्यायचं वेड लागलंय. टाकता टाकता हाती लागली भाऊजींनी लंडनहून आणलेली जुनी सीडी. शनाया ट्वेनची हो, ‘अप!’. पुढे उद्गारचिन्हसुद्धा आहे, बाईंना भारी हौस त्याची. भाची एकदम खूष. “मावशी, ही तर आमची! कॅनडाची!” म्हणे. ऑन्टारिओमधल्या टिमिन्सची मुलगी, आम्हाला शाळेपासून माहीत, यँव नि त्यँव. मी आपली हो हो करत होते. तिनं पेटी उघडली… आणि चेहरा असा उतरला म्हणता! “अगं, ही निळी कुठून आली? हिरवी कुठाय?”

म्हणजे बघा, तिच्या आईकडच्या पेटीत एक लाल तबकडी आणि एक हिरवी. आमच्या पेटीत एक लाल आणि एक निळी. तिला वाटलं भाऊजींनी रस्त्यावरचा डुप्लिकेट माल उचलला. आमचे हे लगेच भावाच्या बाजूनं उभे राहिले, “आमच्याकडे डुप्लिकेट येत नाही.” आता बोला!

तर खरी गंमत अशी की दोन्ही अस्सल. २००२च्या नोव्हेंबरात या बाईनं एकोणीस गाणी केली आणि ती एकोणीसच्या एकोणीस तीन प्रकारे वाजवून घेतली. लाल म्हणजे पॉप, गिटारी आणि सिंथेसायझरचा दणका. हिरवी म्हणजे कंट्री, तिच्या माहेरची म्हणा ना, फिडल, बँजो, मेंडोलिन सगळं. आणि निळी आपली, हिंदुस्थानी ढंगाची. अमेरिका-कॅनडात लाल-हिरवीची जोडी विकली, बाकी जगात लाल-निळीची. गळा तोच, शब्द तेच. तेच पोहे हो, कुणाला कांदेपोहे, कुणाला दडपे, कुणाला कोळाचे.

वन्सं तेवढ्यात बाहेर आल्या. विशारद आहेत ना त्या, कुठलंही गाणं लागलं की परीक्षकासारख्या बसतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे एकदा नीट जमलं नाही म्हणून तीनदा केलं का?” भाचीनं ओठ असे घट्ट मिटले… मी आपली चहा ठेवायला पळाले.

पण खरं सांगू का, वन्संचं ते बोलणं नॅशव्हिलमध्ये किती जणांनी आधीच बोलून झालंय! तिथे कंट्रीवाल्यांचं घराणं मोठं कडक. ही बाई आली ती पोट उघडं टाकून नाचत, आणि नवरा कोण, तर एसी-डीसी आणि डेफ लेपर्डचा प्रोड्युसर, मट लँग. म्हणजे आपल्याकडे कीर्तनाच्या मागे बँडवाला उभा केल्यासारखं. नाकं मुरडली सगळ्यांनी. आणि रेकॉर्डी? ‘कम ऑन ओव्हर’ १९९७ची, जगात चार कोटींच्या घरात खपली. नाक मुरडून मुरडून दुखायला लागलं असेल. १९९९ला तर त्यांच्याच कंट्री म्युझिक असोसिएशननं तिला ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ केलं, अमेरिकेची नागरिकसुद्धा नाही ती! द्यावंच लागलं.

त्या ‘कम ऑन ओव्हर’चीही परदेशासाठी वेगळी प्रत काढली होती बरं का. गावाकडची वाद्यं मागे सारली, ठेका पुढे आणला. मग नॅशव्हिलवाले म्हणाले, बघा, आमचं फिडल हिला परदेशात न्यायची लाज वाटते. म्हणून मला विचाराल तर ती हिरवी तबकडी म्हणजे माहेरच्यांचा रुसवा काढायला केलेली. पण एका घरातला रुसवा काढायला म्हणून अख्खी एकोणीस गाणी पुन्हा वाजवून घ्यायची? आपण तर साधा फोन करत नाही.

तर काय सांगत होते… हां, निळी. अहो, हिचं वाजवणं थोडं मुंबईत झालंय! खरंच. बर्मिंगहॅमचे दुग्गल बंधू, सायमन आणि डायमंड. बर्मिंगहॅम म्हणजे विलायतेतलं भांगड्याचं गावच. त्यांना लँगसाहेबांनी आधी बोलावलं होतं पॉपच्या तबकडीत थोडी फोडणी घालायला. ती फोडणी इतकी आवडली की म्हणाले, अख्खं ताटच करा. मग काही वाजवणं मुंबईत रेकॉर्ड केलं. आणि भाऊजींनी ती लंडनहून विकत आणून परत मुंबईला दिली. विमानाचा प्रवास बघा तिचा!

आमचा जुना सीडी प्लेअर काढला. त्याचं झाकण बोटानं दाबून धरावं लागतं, नाहीतर थांबतो. भाचीनं दाबून धरलं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले तबल्याचे मास्तर पेपर परत द्यायला आले. ते दारातच उभे, चप्पलही काढली नाही. बोटं मांडीवर चालायला लागली. म्हणाले, “केरवा.” वन्सं म्हणाल्या, “केरव्याला इंग्रजी?” मास्तर म्हणाले, “केरव्याला काही चालतं, वन्सं. भजन चालतं, लावणी चालते, ही बाई का नको?” वन्संचा चेहरा… मास्तर त्यांना वन्सं म्हणाले ते एक वेगळंच. ते आमच्याकडून ऐकून ऐकून.

माझं मत विचाराल तर काही गाण्यांत तबला-ढोलक नुसता वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा आहे. गाणं त्याच्यावाचूनही पार पडलं असतं. काही ठिकाणी मात्र असा आतून लागलाय की लाल तबकडी त्यापुढे हॉटेलातल्या ग्रेव्हीसारखी वाटते. सगळ्या भाज्यांना तीच.

मग भाचीनं फोनवर हिरवी लावली. आता ऐका. त्यात एक पेडल स्टील म्हणून वाद्य असतं. आडवं ठेवलेलं, टेबलासारखं. डाव्या हातात धरलेली गुळगुळीत लोखंडी दांडी तारांवरून सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, गुडघ्यानंसुद्धा कसलासा खटका ओढायचा. सूर तुटत नाही, घसरत घसरत जातो. वन्संनी मेथीची जुडी खाली ठेवली. ठेवली हो! म्हणाल्या, “ही मींड आहे.” भाची म्हणाली, “आत्या, ते कंट्री आहे.” वन्सं म्हणाल्या, “असेल. मींडच आहे.” मग फिडलवरून जुंपली. वन्संचं म्हणणं ते सरळ व्हायोलिन आहे, उगाच नावं बदलू नका. भाचीनं मान्य केलं, वाद्य तेच, वाजवायची रीत वेगळी. वन्संना जिंकल्यासारखं झालं. त्यांना एवढंच लागतं.

आता मी तुम्हाला कुंपणाशी बोलावलं ते काय तबल्यासाठी? मुद्द्याचं तर पुढेच आहे.

तुम्ही ‘माझ्या नवऱ्याची बायको’ बघत होतात ना? त्यातली शनाया कशी दुसरीचा नवरा घेऊन बसली होती? ही शनाया उलटी. हिचाच नवरा गेला! आणि कुणाबरोबर, तर हिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीबरोबर. ते सगळे स्वित्झर्लंडला राहायचे, मोठा वाडा, तळ्याकाठी. ती मैत्रीण त्यांच्याच घरचं काम बघायची. २००८ला बातमी फुटली. हे काही मी बनवून सांगत नाही, बाईंनी स्वतः पुस्तकात लिहिलंय. आणि हा लँग म्हणजे कसा, मुलाखत देणार नाही, फोटो काढू देणार नाही, शाकाहारी, म्हणे आपल्याकडच्या संतमताचा अनुयायी. भाची म्हणाली तशा वन्संनी लगेच कानाला हात लावले. संतमताचा काय दोष, पण वन्संना कुठे सांगणार.

१९९३च्या जूनमध्ये भेटले आणि डिसेंबरात लग्न. लोक म्हणायचे हे काही टिकत नाही. म्हणून दोघांनी मिळून ‘यू आर स्टिल द वन’ लिहिलं, लोकांच्या नाकावर टिच्चून. आणि मग हे! चौदा वर्षांनी.

पण पुढचं ऐका. त्या मैत्रिणीचा नवरा, फ्रेडरिक, तोही बिचारा एकटा पडला. हे दोघे एकमेकांचे डोळे पुसता पुसता… २०११च्या एक जानेवारीला लग्न! म्हणजे इकडची बायको, तिकडचा नवरा. मी म्हटलं, अगं हे तर साटंलोटं! भाचीला शब्द माहीत नव्हता. समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली की प्लेअरच्या झाकणावरचं बोट सुटलं आणि बाई मधेच गप्प झाल्या.

आणि बाई खरंच गप्प झाल्या होत्या हो. गळाच गेला. गोचीड चावली, त्यातून तो लाइम आजार, आवाजाच्या नसांना धक्का. गळ्यावर ऑपरेशन झालं. ‘अप!’नंतर पुढचा अल्बम यायला पंधरा वर्षं, २०१७. त्यातली सगळी गाणी एकटीनं लिहिलेली. हे सांगताना भाचीचा आवाज जरा खाली आला. वन्संही काही बोलल्या नाहीत. बावीस वर्षांची असताना आईबाप एकाच मोटार अपघातात गेले तिचे, धाकटी भावंडं हिनंच रिसॉर्टमध्ये गाऊन वाढवली. लहानपणी आठ वर्षांची असताना अर्ध्या रात्री बारमध्ये गायला उभी करायचे. असं ऐकल्यावर त्या पोटाच्या फॅशनचं काय घेऊन बसायचं, असं मास्तर म्हणाले. त्यांनी तोवर चप्पल काढली होती.

बरं, त्या ‘अप!’च्या खपाची गंमत राहिलीच. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ८ लाख ७४ हजार गेल्या. आणि पुढे एक कोटी दहा लाखांचं सर्टिफिकेट. पण पेटीत तबकड्या दोन ना, म्हणून एक पेटी दोनदा मोजलेली! आमचा दूधवाला अर्धा-अर्धा लिटरच्या दोन पिशव्यांचं असंच करतो.

आता खरी गोष्ट, म्हणून तर तुम्हाला हाक मारली. आज सकाळी भाची म्हणाली, ती निळी मी फोनवर उतरवून घेते. पेटी उघडली. लाल आहे. निळीची जागा रिकामी! ह्यांना विचारलं, ह्यांना तर पेपराशिवाय काही दिसत नाही. मास्तर काल रिकाम्या हातानं गेले, मी स्वतः पाहिलं. मग राहिलं कोण? आणि सकाळी सातला, ज्यांची खोली रियाजाला बंद असते, त्या खोलीतून तानपुऱ्याच्या जागी काय ऐकू येत होतं म्हणता… झाकण दाबून धरायला लागतो तो प्लेअरही जागेवर नाहीये.

शू… आल्या वाटतं. तुम्ही काही बोलू नका हं.

काय हो वन्सं, झाली का मेथी निवडून? आम्ही आपलं, जास्वंदीला मुंग्या लागल्यात, तेच बघत होतो.